चोरासाठी घेतलेला चाकू

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी माणसाला चाकू मारायला शिकले. छतावर, सकाळी सात वाजता, लौकीवर, म्हणजे तुमच्या दुधीवर.

असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी तिसरी शिकलेली बाई. रामघाटाच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या आहेत, पुढे एवढंसं अंगण, वर छत. हे एका शाळेत चपरासी होते. आमची सुमन सहा वर्षांची होती तेव्हा गेले. मी तेव्हा सत्तावीसची. रडायला वेळ होता, पण सुमनला दोन वेळा भूक लागायची, म्हणून रडणं मागे ठेवलं. घाटावर महाराष्ट्रातून लोक येतात श्राद्ध करायला. पूजेला पंडे मिळतात, पण पुढे काय? पितरांना अळूची भाजी लागते, वडे लागतात, खीर, आमटी, भोपळ्याची भाजी लागते. साताऱ्याच्या आजोबांच्या पानावर पोहे-जलेबी वाढून कसं चालेल! ते काम मी धरलं. चव्वेचाळीस वर्षं झाली, मी लोकांच्या बापाला, आजाला, पणजाला जेवू घालते आहे. जेवणाऱ्यांपैकी एकानंही आजवर तक्रार केलेली नाही.

तर झालं असं की मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दोन चोऱ्या झाल्या. एकाकडून भांडी गेली, एकाकडून गॅसची टंकी. सुमन नानाखेड्याला राहते, तिसऱ्या मजल्यावर. जावई बँकेत आहेत. तिनं ऐकलं आणि रिक्षा करून आली. म्हणाली, आई, आता बस झालं, सामान बांध, तुझी खोली तयार आहे, पंखा नवा लावलाय.

खोली छानच आहे. पण तिसऱ्या मजल्यावर कुठले पितर येणार माझ्याकडे? तिथे मी काय करू? पंखा बघत बसू? मी तिला एवढंच म्हटलं की हात चालतात तोवर इथंच. ती म्हणाली, हात चालतात पण चोर आला तर काय करशील, त्याला वडे वाढशील? दोघी बोलेनाशा झालो. माझी मुलगी माझ्यावरच गेली आहे, बोलेनाशी झाली की भांडी घासायला घेते. तिनं माझी घासलेली भांडी परत घासली.

मधे पडली माझी नात. रेवा, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते. तिनं कॉलेजात कसलंसं शिबिर केलं होतं, मुलींनी स्वतःला कसं वाचवायचं त्याचं. तिनं निकाल दिला: मी आजीला शिकवते. पितृपक्ष संपेपर्यंत आजी इथे राहील. तोवर तिला जमलं तर राहू दे, नाही जमलं तर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी नानाखेडा. सुमन कबूल झाली. मी पण झाले. म्हणजे बघा, माझ्या दोन खोल्या आता एका चाकूवर टांगलेल्या.

चाकू घ्यायला आम्ही टावर चौकात गेलो. रेवाला घडीचा हवा होता, बटण दाबलं की उघडणारा. मला तो उघडता येईना, आणि उघडला तर मिटता येईना. मग दुकानदारानं दहा-बारा चाकू काचेवर मांडले. हा सब्जीचा, हा फळाचा, हा ब्रेडचा. मी विचारलं, "भैया, चोर के लिए कौनसा?" त्यानं माझ्याकडे बघितलं, रेवाकडे बघितलं आणि ब्रेडचा चाकू हळूच मागे ओढून घेतला.

खरी अडचण ती नव्हती. खरी अडचण ही, की मी जन्मात चाकू वापरलेला नाही. आमच्यात विळी. आईकडे विळी, सासरी विळी, माझ्या लग्नात आलेली विळी आजही चालते. वस्तू घेताना बसून, पायाखाली धरून बघायची, हीच मला सवय. तर मी पाचवा चाकू उचलला आणि धार बघायला दुकानात खाली बसले. चाकूची मूठ पायाखाली दाबली, पातं वर केलं आणि पिशवीतली काकडी काढली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. रेवा म्हणाली, आजी ऊठ, प्लीज ऊठ. दुकानदार म्हणाला, "अम्मा, ऐसे तो चोर को भी बैठना पडेगा."

शेवटी मी एक लाकडी मुठीचा, वीतभर पात्याचा पसंत केला. रेवाला तो छोटा वाटला. पण माझा हिशोब सरळ होता: चोर नाहीच आला तर आंबे चिरायला होईल. नुसती पडून राहणारी वस्तू मी घरात आणत नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी रेवा यायची, छतावर शाळा सुरू. कपडे वाळवायच्या तारेला रेवानं एक लौकी टांगली, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. म्हणाली, हा चोर. म्हटलं, बरं. म्हणाली, मार.

मी उजव्या हातात चाकू घट्ट धरला, धार माझ्याकडे केली आणि डाव्या हातानं लौकी ओढून पात्यावर आणली. (विळीवर असंच असतं. पातं जागचं हलत नाही, भाजीनं त्याच्याकडे जायचं असतं. साठ वर्षांचा हात आहे, तो एका सकाळी कसा विसरणार?)

"आजी, चाकू हलव. लौकी नको हलवू."

"अगं, पण ती आपणहून कशी येईल?"

"चोराला असं हाताला धरून जवळ ओढणार आहेस का तू?"

मी विचार केला, पोरगी बरोबर बोलते आहे. पुढच्या वेळी चाकू हलवला. पण हलवला तो असा, की लौकीच्या सारख्या चकत्या पडल्या. रेवा कपाळाला हात लावून खाली बसली. तिला भोसकायला हवं होतं. मी म्हटलं, भोसकून लौकीचं भरीत होईल, मग संध्याकाळी भाजी कशाची करायची? तिनं मला समजावलं की ही भाजी नाही. मी तिला समजावलं की ही भाजीच आहे, कालच सब्जीवाल्याकडून निवडून आणली आहे. आठ दिवस आम्ही छतावर लौकी मारली आणि आठ दिवस खाली लौकी खाल्ली. नवव्या दिवशी रेवा म्हणाली, उद्या चोर म्हणून भेंडी टांगू का.

मग ओरडण्याचा धडा होता. रेवा म्हणाली, निम्मं काम ओरडण्यानं होतं, आजूबाजूचे धावतात, चोर घाबरतो. ओरड. आता सोवळ्याच्या स्वयंपाकात तोंडातून शब्द काढायचा नसतो, अन्नावर थुंकी उडते. चव्वेचाळीस वर्षं मी तोंड मिटून पोळ्या लाटल्या. मला आवाजच सापडेना. रेवा सांगत राहिली, पोटातून, आजी, पोटातून काढ, कुणालाही जशी हाक मारतेस तशी मार. मी डोळे मिटले, सगळा दम गोळा केला आणि ओरडले.

"अहो!"

दोन कबुतरं उडाली. खालून कुणी धावलं नाही. रेवा हसायला लागली होती, पण मधेच थांबली. माझ्या पण लक्षात आलं, मी काय बोलले ते. यांना हाक मारायची तीच तऱ्हा होती माझी, आणि हे गेल्यावर एवढ्या मोठ्यानं मी कुणालाच बोलावलं नव्हतं. रेवानं माझ्या हातातला चाकू घेतला, बाजूला ठेवला आणि मला धरून उभी राहिली. म्हणाली, आजचा क्लास झाला. त्या दिवसाची लौकी आम्ही गाईला दिली.

चाकू कुठे ठेवायचा यावर पण बोलणं झालं. ठरलं, उशीखाली. आमच्यात बाळंतिणीच्या उशीखाली चाकू ठेवतात, पोराला वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून. काय सांगू, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती! सकाळी दूधवाला दार वाजवून वाजवून परत गेला. चोर आला असता तर उशीसकट मला घेऊन गेला असता.

असा पितृपक्ष लागला. सुमन रोज सकाळी फोन करायची, आणि छतावर आलेली रेवा तिला सांगायची की आजी एकदम तयार आहे. पोरीनं माझ्यासाठी एवढं खोटं बोलावं, मला भरून यायचं.

नवमीच्या दिवशी माझ्याकडे साताऱ्याकडच्या एका कुटुंबाचा स्वयंपाक होता. अकरा पानं. धर्मशाळेत उतरले होते, बाराच्या आत डबे पोचायला हवे होते. पहाटे उठले, अंघोळ केली, वड्यांचं वाटलं, खीर चुलीवर ठेवली. भोपळा मी हल्ली फोड करून आणते. त्या दिवशी सब्जीवाल्यानं अख्खा पाठवला. लाल, गोल, मांडीएवढा. मी त्याच्याकडे बघत बसले.

कारण असं आहे, अख्ख्या भोपळ्याला बाईनं हात लावायचा नाही. म्हणजे लावायचा, पण पहिला वार पुरुषानं करायचा, मग पुढचं बाईनं चिरायचं. का ते मला कुणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. घरात पुरुष नाही म्हणून माझं कधी अडलं नव्हतं. शेजारी दुबेजी होते. भोपळा आला की मी भिंतीवरून हाक द्यायची आणि ते पान चघळत यायचे, "लाओ भाभी, कहां है कुम्हडा." विळी त्यांना जमायची नाही, ते घरून सुरा आणायचे. एक वार करायचे आणि चहा न घेता जायचे. चाळीस वर्षं. त्याच वर्षी चैत्रात ते गेले. मी सवयीनं भिंतीपाशी गेले पण, हाक तोंडात आली, आणि तशीच परत आले.

गल्लीत कुणी नाही, सगळे घाटावर. साडेदहा वाजलेले. सातारकरांचे पितर वाटेवर असतील आणि माझा भोपळा अख्खा. मी उशीखालून नवीन चाकू आणून तयार ठेवला. चाकू होता, पुरुष नव्हता.

आणि तेवढ्यात अंगणात पुरुष आला.

चाळिशीचा, वाळका, टाचा भेगाळलेल्या, खांद्यावर पोतं. दार उघडंच होतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले, हातात चाकू, अगदी रेवानं शिकवला तसा. त्यानं मला बघितलं आणि जागच्या जागी थिजला. आता खरं सांगते, तुम्ही हसाल. मला चोर दिसलाच नाही. मला पुरुष दिसला.

"भैया, बडे टाइम पे आये," मी म्हटलं. "पहले हाथ-पांव धो लो. नल उधर है."

तो हलला नाही. मी परत सांगितलं, जरा जोरात. त्यानं पोतं खाली ठेवलं, नळावर गेला, हात धुतले, पाय धुतले, भेगांमधली माती पण घासून काढली. मी भोपळा पाटावर ठेवला. चाकू हातातून हातात द्यायचा नसतो, भांडण होतं. म्हणून तो जमिनीवर ठेवला, मूठ त्याच्या बाजूला करून. आमचं दोघांचं उगाच भांडण नको!

त्यानं चाकूकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग भोपळा बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"हमारे यहां भी अम्मा पहले नहीं काटती थी," तो म्हणाला.

"तो लगाओ."

त्यानं एक वार केला. दुबेजींसारखा नाही, पण बरा. मी म्हटलं आता एवढं केलंस तर चार फोडी पण कर, माझी मनगटं दुखतात. तो उकिडवा बसून फोडी करायला लागला. मी त्याच्याकडे पाठ करून खीर ढवळत होते आणि सांगत होते, जाड नको, साल राहू दे. पाठ करून! रेवानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाठ कधी करायची नाही.

दारातून किंचाळी आली. सुमन. सोवळ्यातली आई चुलीपाशी, मागे अनोळखी माणूस, त्याच्या हातात चाकू. त्या माणसाच्या हातातून चाकू पडला, तो दचकून उठला आणि त्याचा पाय पोत्याला लागला. पोत्यातून माझा पितळेचा तांब्या घरंगळत बाहेर आला. त्याच्यामागे माझी परात. त्याच्यामागे माझा दुसरा तांब्या. अंगणात वाळत घातलेली सगळी भांडी, मी त्याला हाक मारायच्या आधीच त्यानं भरून घेतली होती.

तेव्हा मला चोर दिसला.

दारात सुमन उभी, त्याला पळायला जागा नव्हती. त्यानं हात जोडले. सुमननं खाली पडलेला चाकू उचलला आणि त्याच्यावर रोखला. (तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्यापेक्षा छान धरला होता.) फोन काढून पोलिसांना लावते म्हणाली. मी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी. पोलीस आले की बयान, बयान झालं की बारा वाजून जातात. सातारकरांच्या आजोबांनी काय पाप केलंय?

"सुमे, आधी भोपळा फोडणीला टाक," मी म्हटलं. "और तुम बैठो वहां."

दोघांनी ऐकलं. एक चुलीपाशी गेली, एक भिंतीपाशी बसला. साडेअकराला सातारकरांकडची दोन माणसं डबे न्यायला आली. मोठं पातेलं जड होतं. त्यांतल्या एकानं भिंतीपाशी बसलेल्याला सांगितलं, दादा, जरा हात लावा. त्यानं पातेलं उचललं, रिक्षात नीट ठेवलं, सांडणार नाही असं. वाटलं, आता तो तसाच पुढे चालत जाईल. मी बघितलं पण नाही. थोड्या वेळानं बघितलं तर परत येऊन बसलेला. का परत आला कुणास ठाऊक. खिरीचा वास पण असेल.

बारा वाजून गेले, तिकडची पानं वाढली असतील असं धरून मी त्याच्यासाठी पान मांडलं. श्राद्धाच्या दुपारी दारात आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नसतो. तो कसा आला, ते विचारायचं नसतं. वाढायला सुमन होती. डाव्या हातात चाकू, उजव्या हातानं खीर. तो खाली मान घालून जेवत होता. तीनदा भोपळ्याची भाजी घेतली. मग त्यानं हळूच विचारलं, "अम्मा, अकेली रहती हो?"

सुमनचा हात थांबला. एकटी म्हटलं तर हा ऐकतोय. एकटी म्हटलं तर सुमन पण ऐकते आहे, आणि मग मला सामानच बांधावं लागणार.

"अकेली कहां," मी म्हटलं. "ये मेरी बेटी है ना. रोज आती है."

सुमन महिन्यातून दोनदा यायची. तिनं माझ्याकडे बघितलं. वाकून त्याच्या पानात अजून एक वाटी खीर वाढली आणि म्हणाली, "हां. रोज आती हूं."

त्यानं आपलं ताट धुतलं, पोत्यातली उरलेली भांडी काढून जागच्या जागी पालथी घातली, मला लांबूनच हात जोडले आणि गेला. सुमन मग उंबऱ्यात बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचं ते सहा वर्षांची असतानाचं रडं निघालं, तोंड उघडं टाकून रडायची तसं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पिठाचा होता, तसाच ठेवला. नानाखेड्याचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती आली. तिसऱ्या दिवशी पण. आजही येते, उशीर झाला तर फोन करते. मी इथंच आहे.

फक्त एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी ती गेल्यावर मी भांडी मोजली. दोन्ही तांबे होते, परात होती, वाट्या, चमचे, सगळं होतं. सुमननं वाढून झाल्यावर नळापाशी धुवायला टाकलेला चाकू नव्हता.

म्हणजे एवढं शिकले, एवढ्या लौक्या मारल्या, आणि माझ्या घरातून चोरीला गेलं ते माझं संरक्षण. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुढच्या नवमीला परत अख्खा भोपळा आला तर काय करायचं? गल्लीत विचारून बघितलं, कुणाला वेळ नसतो. तेव्हा मी ठरवलं आहे, त्या सकाळी अंगणात भांडी वाळत घालायची आणि दार उघडं ठेवायचं. माणूस कामाचा आहे, आणि चाकू आता त्याच्याकडेच आहे.